तिघांचा एक नंबर

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत या दोघांचे काम एकटा ‘हम’ करतो. त्यामुळे उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणाऱ्याला दर वर्षी एकच झगडा नव्याने करावा लागतो. शाळा सुटायची वेळ झाली की आठवीतली एखादी मुलगी उभी राहते आणि म्हणते, “सर, आम्ही घरी जाऊ या?” आता हिला मैत्रिणींबरोबर जायचे आहे की सरांनाही सोबत न्यायचे आहे? ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो, हे फळ्यावर दोन वर्तुळे काढून समजावले जाते. मुले माना डोलावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या लेखातला ‘आम्ही’ तिघांचा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवणारे आम्ही तिघे : पी. टी.चे सर, विज्ञानाच्या बाजी आणि हे लिहिणारा मराठीचा मास्तर. तिघेही बी.एड., तिघेही तिशी ओलांडलेले. २०२५ च्या जानेवारीत आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत भरलेल्या एका साहसी शर्यतीत उतरलो. त्याआधी आमच्यापैकी कोणीही कसल्या शर्यतीत भाग घेतला नव्हता. अपवाद पी. टी. सरांचा. ते कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून धावत.

साहसी शर्यत म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आम्ही निघालो तेव्हा आमच्या घरच्यांनाही ते नीट कळलेले नव्हते. यात सायकल असते, चालणे असते, पाण्यात होडी वल्हवणे असते आणि एखाद्या कड्यावरून दोराने उतरणेही असते. वाट आखून दिलेली नसते. निघण्याच्या थोडा वेळ आधी हातात नकाशा देतात. त्यावर ठिकाणांच्या खुणा असतात. नकाशा आणि होकायंत्र यांच्या मदतीने ती ठिकाणे शोधायची, तिथे नोंद करायची आणि पुढे जायचे. मोबाईल पाकिटात मोहोरबंद करून पिशवीत ठेवायचा, फक्त जिवावर बेतले तर उघडायचा. या प्रकाराला नाव मिळवून दिले ते जेरार फ्युझील या फ्रेंच पत्रकाराने. १९८९ साली त्याने न्यूझीलंडमध्ये ‘रेड गोलवाझ’ ही शर्यत भरवली. पुढे १९९२ साली तीच शर्यत ओमानच्या वाळवंटात आणि डोंगरांत झाली. १९९५ पासून अमेरिकेत ‘इको-चॅलेंज’ सुरू झाली. २०१९ साली ती फिजी बेटांवर भरली, तेव्हा एव्हरेस्ट चढलेल्या ताशी आणि नुंगशी मलिक या डेहराडूनच्या जुळ्या बहिणी भारताचा संघ घेऊन गेल्या होत्या. त्याच शर्यतीत मार्क मेसी नावाचा एक अमेरिकन गृहस्थ आपल्या मुलाच्या संघातून उतरला होता. त्याला विस्मृतीचा, अल्झायमरचा, आजार जडला होता. बाप वाट विसरणार हे मुलाला ठाऊक होते, तरी तो बापाला घेऊन गेला.

त्या मोठ्या शर्यती दहा-दहा दिवस चालतात. आमची एका दिवस-रात्रीची होती. पण नियम त्याच धर्तीचे. संघ तिघांचा, आणि त्यात निदान एक स्त्री. तिघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे. तिघांना मिळून छातीवर लावायला एकच नंबर. पहिला गडी शेवटच्या रेषेवर पोचला म्हणून घड्याळ थांबत नाही, ते थांबते तिसऱ्याचे पाऊल पडल्यावर. एकाने माघार घेतली की उरलेल्या दोघांनी डोंगर पालथा घातला तरी संघ बाद.

आता यात आम्ही कशाला पडलो? खरे कारण बाजींचे आहे. आमच्या शाळेत सातवीपर्यंत मुली सायकलवर येतात. आठवीत गेल्या की सायकल बंद होते. ‘लडकी बडी हो गयी’ एवढेच कारण. मग रिक्षाचे पैसे परवडत नाहीत, पायी अंतर लांब पडते, गैरहजेरी वाढते आणि दहावीच्या आत कोणाची तरी शाळा सुटते. वाचकांना हे नवीन नाही. बाजी दर जूनमध्ये घरोघर जाऊन पालकांशी बोलतात. २०२४ च्या जूनमध्ये एका मुलीच्या वडिलांनी त्यांना शांतपणे विचारले, “बाजी, तुम खुद चलाते क्या सायकल?” बाजींनी दहावीनंतर सायकलला हात लावलेला नव्हता. त्या काही न बोलता परत आल्या. पी. टी. सरांकडे या शर्यतीचे पत्रक आले होते आणि त्यांना संघासाठी एक स्त्री हवी होती. स्टाफरूममध्ये ते सहज बोलून गेले. बाजी म्हणाल्या, “माझं नाव लिहा.” तिसरा कोणी मिळेना, म्हणून मराठीवाला. निवड कशी झाली ती ही अशी.

बाजींच्या घरी बोलायला आम्ही तिघे मिळून गेलो. त्यांचे शोहर टेम्पो चालवतात, द्राक्षांच्या हंगामात त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “सायकली न्यायला टेम्पो लागंल की नाही? मग मी येतो.” प्रश्न सासूबाईंचा होता. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. कपडे कसले घालणार, रात्र कुठे काढणार, बरोबर कोण, सगळे विचारून झाले. शेवटी म्हणाल्या, “जाव. मगर तीनों मिलके आव. एकेक करके नको आव.” शर्यतीचे नियम आम्ही त्यांना सांगितलेलेच नव्हते.

सहा महिने सराव केला. पहाटे फजरनंतर मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरावर चढउतार, रविवारी सायकल. दोन सायकली उसन्या, एक जुनी विकत घेतलेली. आमच्यातल्या एकाची तुकडी अजून पूर्ण अनुदानावर आलेली नाही, त्यामुळे प्रवेश फीचे तीन सारखे भाग झाले नाहीत, एवढेच सांगतो. बाजींनी लांब कुडता, खाली ट्रॅक पँट आणि हेल्मेटच्या आत घट्ट बांधलेला स्कार्फ असा पोशाख ठरवला. पहिल्याच रविवारी ओढणी साखळीत अडकली. दुसऱ्या रविवारपासून ओढणी घरी राहिली. गावात लोक पाहत. काही हसले, एक-दोघांनी मशिदीबाहेर पी. टी. सरांना गाठून विचारलेही. सर त्यांना दंडोबाला चला म्हणाले. कोणी आले नाही.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी खडकवासल्याजवळ नावनोंदणी होती. टेबलामागच्या मुलाने आमची नावे वाचली, वर पाहिले आणि हिंदीत समजावू लागला. मग त्यालाच शंका आली. “मराठी समजतं ना तुम्हाला?” आम्ही म्हणालो, “समजतं. शिकवतोही.” बिचारा ओशाळला आणि त्याने आम्हाला दोन केळी जास्त दिली. हा प्रश्न आपल्याला आयुष्यभर पुरतो. त्यावर चिडण्याची उमेद आमच्यात आता उरलेली नाही, पण केळी पहिल्यांदाच मिळाली.

सकाळी सहाला अंधारातच सुटलो. धरणाच्या कडेने डोणजे, खानापूर करत पानशेत. रस्ता ओळखीचा नसला तरी सरळ होता आणि थंडीत पाय हलके चालले. पानशेतला जलाशयावर रबरी होड्या मांडून ठेवल्या होत्या. याच जागचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे बुडाले. आज तिथे नव्याने बांधलेला बंधारा आहे आणि मागे निळे, निवांत पाणी. आम्हाला होडी सरळ नेता येईना. तिघे तीन ताल धरून वल्ही मारत होतो आणि होडी आपल्याभोवती फिरत होती. शेवटी बाजींनी वर्गातल्यासारखे “एक, दोन, एक, दोन” म्हणायला सुरुवात केली आणि होडीने मुकाट्याने ऐकले. दीड किलोमीटरला पाऊण तास लागला. आमच्या मागे फार थोडे संघ होते.

दुपार पाबे घाटात झाली. जानेवारी असला तरी त्या चढावर ऊन भाजून काढते. इथे पी. टी. सरांनी आपल्या सायकलला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधली आणि दुसरे टोक बाजींच्या सायकलला. ही युक्ती जगभरचे संघ वापरतात. जोरकस गड्याने दमलेल्याला ओढायचे, यात नियमभंग नाही. सर पुढून ओढत होते, शिवाय बाजींची पिशवीही त्यांच्याच पाठीवर होती. मराठीवाला मागून सायकल हातात धरून चालत होता. खिंडीत पोचल्यावर झाडाखाली जोहर अदा केली. मुसाफिर असल्यामुळे दोनच रकात. किबला शोधायला होकायंत्र हातात होतेच : पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून. शेजारी बसलेल्या दुसऱ्या संघातला एक तरुण, आमचे होईपर्यंत थांबून, मग म्हणाला, “काका, नकाशा बरोबर धरलाय ना आपण? मलाही तीच दिशा येतेय, पण रस्ता तिकडे नाही.” तिघेही खळखळून हसलो, मग त्यालाही कळले.

संध्याकाळी विंझर गावाजवळ सायकली टेम्पोत चढवल्या. वाटेत एका कड्यावरून साठेक फूट दोराने उतरलो. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. तिथे माणसे तरबेज होती, दोर मजबूत होते आणि आम्ही डोळे मिटले होते.

खरी शर्यत त्यानंतर सुरू झाली. विंझरवरून डोंगराची सोंड चढायची आणि धारेने रात्रीतून सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यापर्यंत जायचे. तिथे रात्री एकच्या आत पोचले नाही तर संघ बाद. डोक्याला दिवे बांधून आम्ही सातला निघालो.

या गडाची तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट आम्ही मराठीच्या तासाला दर वर्षी सांगतो. तो १६७० चा प्रसंग प्रत्येक मुलाला पाठ असतो. पण त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीचीही एक हकीकत आहे. इसामी नावाच्या शायराने ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यात लिहिले आहे की महंमद तुघलकाने या कोंढाण्याला वेढा घातला, तेव्हा नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने तो आठ महिने लढवला. गड पडला तो आतली रसद संपल्यामुळे. पोटात काही नाही, मशकीत पाणी नाही, तर हिंमत किती दिवस पुरणार? धारेवर चालताना ही गोष्ट आम्ही आपसात बोलत होतो. त्यानंतर तासाभरातच पी. टी. सर खाली बसले.

आधी मांडीत गोळा आला. मग दुसऱ्या पायात. मग उलटी. दिवसभर त्यांनी दुसऱ्यांना ओढले होते, दोघांच्या पिशव्या वाहिल्या होत्या, आणि तहान लागली की बाटली तोंडाला लावून नुसते पाणी प्यायले होते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. वरून नुसते पाणी ओतत राहिले तर अंगातले उरलेले मीठ आणखी पातळ होते. हा धडा बाजी वर्गात शिकवतात : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. त्यांच्याकडे पुड्या तयार होत्या. त्यांनी एक बाटली कालवली आणि सरांना घोट घोट पाजली. पाणी आता मोजकेच उरले होते. इशाच्या नमाजला वुजूसाठी ते वापरले असते तर पुढे प्यायला राहिले नसते, म्हणून कातळावर हात टेकून तयम्मुम केला.

नऊ वाजून गेले. मागून आलेले दोन संघ विचारपूस करून पुढे गेले. बाजी म्हणाल्या, “सर, दोन्ही पिशव्या द्या.”

“नको.”

दखनीत हा ‘नको’ आपण मराठीतूनच उचललेला आहे, दोन्हीकडे त्याचा अर्थ एकच, आणि सरांच्या तोंडून तो दोन्ही भाषांत आला. बाजींनी पुन्हा हात पुढे केला. सर पट्टे धरून बसले. सकाळपासून त्यांनी बाजींना ओढले, तेव्हा बाजी एका शब्दानेही नको म्हणाल्या नव्हत्या. घाटात मराठीवाल्याची बाटली त्यांनी घेतली, तेव्हा त्यानेही ती मुकाट दिली होती. आपल्याकडे मदत करणाऱ्याला सवाब आहे हे सर्वांना माहीत आहे. घेणाऱ्याचे काय, ते कोणी सांगत नाही. आणि पुरुषाने, तोही पी. टी.च्या मास्तराने, बाईच्या हातात पिशवी द्यायची म्हणजे किती जड जाते, ते त्या अंधारात आम्ही तिघांनी पाहिले. सर म्हणाले, “तुम्ही दोघे पुढे व्हा. तुमची शर्यत तरी पुरी होईल.”

बाजी उठून उभ्या राहिल्या. “सर, ‘तुमची’ अशी काही शर्यतच नाही. नंबर एक आहे. आपण जाणार, नाहीतर आपण बसणार.”

आठवीचा धडा असा रात्री, डोंगरधारेवर, विज्ञानाच्या बाईंकडून ऐकायला मिळेल असे मराठीच्या मास्तराला कधी वाटले नव्हते. सरांनी एक पट्टा सोडला. मग दुसरा. बाजींनी आपली पिशवी परत घेतली आणि त्यांची पोटाशी बांधली. ट्यूबची तीच पट्टी आता उलट बांधली गेली : एक टोक मराठीवाल्याच्या कमरेला, दुसरे सरांच्या. बाजी नकाशा घेऊन पुढे. असे आम्ही निघालो.

पुढच्या तीन तासांचे फार आठवत नाही. दिव्याच्या उजेडात दिसणारे वाळलेले गवत, कमरेला बसणारा पट्टीचा ओढा, आणि दर अर्ध्या तासाला बाजींचे “सर, दोन घोट.” एकदा धारेवरून डावीकडची वाट धरायची की उजवीकडची, यावर बाजी आणि मराठीवाला यांच्यात चांगलेच वाजले. सर मागून क्षीण आवाजात म्हणाले, “बाजींचं ऐका.” बाजींचेच बरोबर निघाले. वर गडाचे दिवे दिसू लागले, पण ते जवळ येईनात. डोंगरात दिवे फार फसवतात. सरांचा पाय पुन्हा दोनदा आखडला. दोन्ही वेळा आडवे करून तळपाय ताणला, चोळला, उठवले. पोटातले पाणी टिकू लागले तसा त्यांच्या आवाजात जीव आला, आणि एका चढावर तर ते विज्ञानाच्या पुस्तकात ही चमच्यांची गोष्ट कोणत्या पानावर आहे असे विचारू लागले.

कल्याण दरवाज्यात पोचलो तेव्हा नोंद करणाऱ्याने घड्याळ पाहून लिहिले : बारा वाजून त्रेचाळीस मिनिटे. तिथल्या डॉक्टरांनी सरांना तपासले, वीस मिनिटे बसवून ठेवले, काळे मीठ घातलेले लिंबूपाणी दिले आणि चालण्याची परवानगी दिली. आतकरवाडीच्या वाटेने उतरायला चढण्यापेक्षा जास्त त्रास झाला. गुडघे आपले राहिले नव्हते. डोणज्यात शेवटची रेषा होती. पावणेचार वाजले होते, टेम्पोच्या टपाला टेकून बाजींचे शोहर उभे होते. आम्ही तिघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली, असे लिहिले तर चांगले दिसेल. प्रत्यक्षात बाजी आणि मराठीवाला रेषेपलीकडे गेले, मागे वळले, आणि सर बुटाची नाडी बांधत बसलेले दिसले. घड्याळ चालूच होते. “सर, नाडी नंतर!” असे आम्ही दोघे एकदम ओरडलो.

निकालाच्या कागदावर तिघांच्या नावांपुढे एकच वेळ होती. पूर्ण केलेल्यांत आम्ही शेवटून चौथे. बाजींच्या सासूबाईंनी तो कागद पाहिला नाही. टेम्पोतून तिघे उतरलेले पाहिले आणि आत जाऊन चहा ठेवला.

बाजी आता आठवड्यातून दोन-तीन दिवस सायकलवर शाळेत येतात. तो प्रश्न विचारणारे वडील एक दिवस शाळेच्या फाटकाशी आले. त्यांनी सायकल वाकून पाहिली, साखळीला झाकण आहे का ते विचारले, किंमत विचारली, आणि “देखेंगे” म्हणून गेले. त्यांची मुलगी अजून रिक्षाने येते, रिक्षा नसेल त्या दिवशी येत नाही. बाजी पुन्हा जाणार आहेत.

पी. टी. सर त्या रात्रीबद्दल स्टाफरूममध्ये फारसे बोलत नाहीत. मात्र फेब्रुवारीतल्या क्रीडादिनाला त्यांनी यादीत नसलेली एक शर्यत घातली. तिघांचा गट, मैदानाला चार फेऱ्या, विटांनी भरलेले एक दप्तर कोणीही कितीही वेळ उचलायचे, वेळ शेवटच्याची. नववीच्या मुलांचा सर्वांत जोरात पळणारा गडी सर्वांच्या आधी पोचला, हात वर करून नाचला, आणि त्याचे दोन साथीदार दप्तर ओढत तिसऱ्या फेरीवर होते. मुलांनी गिल्ला केला की सर, आमचा पहिला नंबर आहे. सरांनी शिट्टी फुंकली आणि त्या पळणाऱ्याला दप्तराकडे परत पाठवले.